ट्रेलर जोडणे आणि मागे घेणे: एक कॅमेरा की दोन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही न्यू जर्सीत राहता, तुमच्याकडे हाफ-टन वर्गातला, म्हणजे मोठ्या पिकअपांतल्या सर्वांत हलक्या वर्गातला, पिकअप आहे आणि यंदा तुम्ही २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे राहण्याची सोय असलेला ट्रेलर, घेतला. आतापर्यंतच्या दोन्ही सहलींत ट्रेलर बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या लोखंडी गोळ्यावर, बसवायला अर्धा-अर्धा तास गेला आणि कॅम्पग्राउंडवर ठरलेल्या जागेत तो मागे घेताना वहिनींच्या हातवाऱ्यांवरून वाद झाला. तेव्हा या दोन्ही कामांना चालेल असा एकच चांगला कॅमेरा कोणता, तो वायरचा असावा की वायरलेस, आणि फोनवर चित्र दाखवणारा स्वस्त कॅमेरा पुरेल का, असे तुम्ही विचारले आहे.

ओहायोमध्ये गेली सतरा वर्षे मी ट्रेलरची वायरिंग, ब्रेक आणि हिच (गाडीला ट्रेलर जोडण्याचा सांगाडा) यांचीच कामे करतो आणि या काळात बसवलेल्या कॅमेऱ्यांपेक्षा काढून टाकलेल्या कॅमेऱ्यांनी मला अधिक शिकवले आहे. ज्यांनी एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामे करून घ्यायचा प्रयत्न केला, त्यांतले बहुतेक जण वर्षाच्या आत परत आले. ट्रेलर जोडणे आणि ट्रेलर मागे घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात तुम्हाला इंचभर अचूकता हवी असते आणि बघायची जागा परातीएवढी असते. दुसऱ्यात फूटभर इकडेतिकडे चालते, पण बघायची जागा अंगणाएवढी असते आणि मध्ये २४ फुटांची भिंत उभी असते. पहिला कॅमेरा गाडीच्या मागे लागतो, दुसरा ट्रेलरच्या मागे. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी यांपैकी कोणते काम तुम्हाला जास्त छळते, ते आधी ठरवा.

जोडण्याच्या कामासाठीचा कॅमेरा तुमच्या गाडीत बहुधा आहेच. अमेरिकेत १ मे २०१८पासून तयार झालेल्या, गाडी आणि भार धरून १०,००० पौंडांपर्यंतच्या कमाल एकूण वजनाच्या प्रत्येक नव्या गाडीत मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. गाडीमागचा १० फूट रुंद आणि २० फूट लांब पट्टा त्यात दिसला पाहिजे आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांच्या आत चित्र आले पाहिजे, असा तो नियम आहे. मात्र हा नियम गाडीच्या मागे खेळणारी लहान मुले चिरडली जाऊ नयेत म्हणून झाला. बॉल आणि कपलर (ट्रेलरच्या दांडीच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) यांची गाठ घालून देणे हा त्याचा हेतू नव्हता. त्यामुळे या कॅमेऱ्याची लेन्स रुंद कोनाची असते, कडेच्या सरळ रेषा वाकलेल्या दिसतात, आणि जवळच्या वस्तूंच्या अंतराचा अंदाज हमखास चुकतो.

तो नेमका कसा चुकतो, हे एकदा समजून घेतले तर तुमचा अर्ध्या तासाचा त्रास बहुधा नवा कॅमेरा न घेताच कमी होईल. समजा, तुमच्या टेलगेटवरचा, म्हणजे पिकअपच्या मागच्या उघडणाऱ्या फळीवरचा, कॅमेरा जमिनीपासून ४० इंचांवर आहे, बॉल १८ इंचांवर आहे, आणि कॅमेऱ्यापासून बॉल मागच्या बाजूला १४ इंचांवर आहे. कॅमेरा वरून तिरपा बघतो. त्यामुळे बॉलच्या बरोबर डोक्यावर असलेली वस्तू त्याला बॉलच्या पलीकडे, म्हणजे ट्रेलरच्या बाजूला सरकलेली दिसते. कपलर बॉलपेक्षा २ इंच उंच धरला असेल तर हा फरक साधारण दीड इंच येतो. ५ इंच उंच असेल तर तो ४ इंचांवर जातो. याचा अर्थ असा, की कपलर बॉलच्या बरोबर वर आलेला असतानाही पडद्यावर तो अजून थोडा दूर दिसतो, चालक आणखी मागे येतो, खाली उतरून बघतो तर गाडी जास्त मागे गेलेली असते, आणि मग पुढे-मागे हा खेळ सुरू होतो. यावर उपाय दोन आहेत. जॅकने कपलर बॉलच्या जितका जवळ आणता येईल तितका खाली आणा. बॉल खालून घासणार नाही एवढीच, म्हणजे इंच-दीड इंच फट ठेवा. दुसरे म्हणजे, एकदा व्यवस्थित जोडणी झाली की कपलर पुन्हा तेवढ्याच फटीपर्यंत वर उचला, गाडी न हलवता पडद्याकडे बघा आणि त्या क्षणी कपलरची कड चित्रात कुठे दिसते, तिथे चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा. पुढच्या वेळी कड त्या खुणेवर आली की थांबायचे. ही खूण फक्त त्याच बॉल-माउंटला (बॉल ज्यावर बसवतात त्या दांड्याला) आणि त्याच उंचीला लागू आहे. माउंट बदलला की ती नव्याने करावी लागते.

डावे-उजवे जुळवणे त्या मानाने सोपे असते, पण कॅमेरा गाडीच्या मध्यरेषेवर असेल तरच. काही जण बाजारातला कॅमेरा नंबरप्लेटच्या एका कोपऱ्याला बसवतात आणि मग पडद्यावरच्या मधल्या रेषेवर विश्वास ठेवतात. तो कॅमेरा मध्यापासून सहा इंच बाजूला असेल तर ती मधली रेषा बॉलमधून जातच नाही. अशा वेळी पडद्यावरची रेषा विसरा आणि बॉल हाच खुणेचा बिंदू धरा. पिकअपच्या काही मॉडेलांत बॉलच्या दिशेने जाणारी आणि स्टिअरिंगबरोबर वळणारी एकच रेषा दाखवण्याची सोय असते. तुमच्या गाडीत ती आहे का, हे मॅन्युअलमध्ये आधी बघा, कारण बरेच जण ती सोय असूनही ती सुरू न करताच दुसरा कॅमेरा विकत घेतात.

हे सगळे करूनही जमत नसेल, तर बॉलवर नजर ठेवणारा, चुंबकाने चिकटणारा छोटा वायरलेस कॅमेरा घ्यावा. फोनवर चित्र दाखवणारे स्वस्त कॅमेरे याच एका कामाला चालतात. तो टेलगेटवर किंवा ट्रेलरच्या दांडीवर असा लावावा की बॉल जवळजवळ थेट वरून दिसेल. थेट वरून बघितले की वर सांगितलेला तिरपेपणाचा घोटाळा जवळपास संपतो. त्याची बॅटरी नेमकी निघायच्या दिवशी संपलेली असते, हा माझ्या गिऱ्हाइकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. तेव्हा आदल्या रात्री फोनबरोबर तोही चार्जिंगला लावण्याची सवय करा. आणि धंद्याच्या विरुद्ध जाऊन सांगायचे तर, चुंबकाच्या बुडाच्या दोन लांबणाऱ्या काठ्या मिळतात, त्यांच्या टोकाला रंगीत चेंडू असतात. एक बॉलवर, एक कपलरवर उभी करायची आणि आरशात बघत चेंडूला चेंडू टेकवायचा. चार पैशांचे काम आहे आणि चार्जिंगची कटकट नाही.

जोडणीच्या कॅमेऱ्याचा खरा फायदा वेळेचा नाही. तो असा, की गाडी मागे येत असताना गाडी आणि ट्रेलर यांच्या मधल्या जागेत कोणालाही उभे राहावे लागत नाही. माझे बालपण वाळवा तालुक्यात गेले. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर मागे येत असताना ट्रॉलीची दांडी हातात धरून, दुसऱ्या हातात पिन घेऊन, मध्ये उभा राहणारा पोरगा मी रोज बघत असे. क्लचवरचा पाय निसटला तर काय होईल, हा विचार तेव्हा कोणाच्या मनात येत नसे. इथेही मी सुशिक्षित माणसांना कपलर हाताने ढकलून जागेवर आणताना बघतो. तुमच्या वर्णनावरून वहिनी त्याच जागी उभ्या राहत असाव्यात असे वाटते. कॅमेरा घ्या अथवा घेऊ नका, ते आजपासून बंद करा.

आता दुसरे काम. ट्रेलर एकदा जोडला की गाडीच्या कॅमेऱ्यात त्याची पुढची भिंत सोडून काही दिसत नाही, म्हणून मागे घेण्यासाठीचा कॅमेरा ट्रेलरच्या पाठीवरच लागतो. मात्र तो काय दाखवतो आणि काय दाखवत नाही, हे नीट लक्षात घ्या. तो ट्रेलरच्या थेट मागचा खांब, पाण्याचा नळ, शेजाऱ्याची सायकल, पिकनिक टेबल हे सगळे दाखवतो. ट्रेलरची बाजू झाडाला घासते आहे का, छतावरचा एसी फांदीत जातो आहे का, आणि वळताना तुमच्या गाडीचे नाक रस्त्यापलीकडच्या पाटीवर जाते आहे का, यांतले काहीही तो दाखवत नाही. दुरुस्तीला येणाऱ्या ट्रेलरांत बाजूच्या पत्र्याची आणि छताच्या कोपऱ्यांची कामे मी मागच्या बंपरपेक्षा कितीतरी जास्त करतो. ट्रेलर मागे घेण्याचे मुख्य साधन बाजूचे मोठे आरसेच आहेत आणि कॅमेरा त्यांच्या जोडीला आहे. तुमच्या पिकअपला ट्रेलर ओढण्यासाठीचे रुंद आरसे नसतील, तर कॅमेऱ्याआधी ते घ्या.

मागच्या कॅमेऱ्याचा एक उपयोग विकत घेताना कोणाच्या मनात नसतो, पण नंतर सगळे त्याचेच कौतुक करतात: हायवेवर मागून येणारी गाडी दिसणे. ट्रेलर ओढताना मधला आरसा निकामी होतो आणि लेन बदलताना आपल्या मागे नेमके कोण आहे ते कळत नाही. कॅमेरा सतत चालू ठेवता येत असेल तर ती अडचण सुटते. यासाठी बसवतानाच कोन जपून ठरवावा लागतो. बहुतेक जण कॅमेरा खाली, बंपरवर रोखतात. मग मागे घेताना उत्तम दिसते, पण हायवेवर डांबराशिवाय काही दिसत नाही. ट्रेलरच्या छताच्या कडेजवळ, मध्यरेषेवर कॅमेरा लावून असा कोन धरावा की चित्राच्या अगदी तळाला बंपरची बोटभर कड दिसेल आणि वरच्या कडेजवळ क्षितिज येईल. बंपरची कड दिसलीच पाहिजे, कारण ती दिसली नाही तर मागची वस्तू ट्रेलरपासून किती दूर आहे ते मोजायला चित्रात आधारच उरत नाही. लेन्सचा कोन १२० ते १४० अंशांचा पुरेसा होतो. १७० अंशांची जाहिरात मोहक असते, पण एवढ्या रुंद कोनात दूरचा खांब काडीएवढा दिसतो आणि तो जवळ आल्याचे फार उशिरा कळते.

वायर की वायरलेस, या प्रश्नाचे माझे उत्तर ट्रेलरच्या वयावर आणि मालकाच्या चिकाटीवर अवलंबून असते. वायर उत्तमच. चित्र लगेच येते, तुटत नाही, शेजारच्या वायफायशी भांडत नाही. पण ती ट्रेलरच्या भिंतीतून किंवा चासीखालून पुढे आणावी लागते, दांडीजवळ काढता-घालता येईल असा जोड द्यावा लागतो, पिकअपच्या बॉडीखालून केबिनपर्यंत न्यावी लागते, आणि प्रत्येक जोड म्हणजे गंज चढायची एक जागा असते. नव्या मालकाला मी हल्ली डिजिटल वायरलेस कॅमेरा सुचवतो. दुकानात दोन प्रकारचे माल एकाच फळीवर असतात, म्हणून ‘डिजिटल’ हा शब्द खोक्यावर बघून घ्या. जुन्या पद्धतीचे अॅनालॉग २.४ गिगाहर्ट्‌झचे कॅमेरे वायफायच्या लहरींतच काम करतात आणि भरलेल्या कॅम्पग्राउंडवर त्यांच्या चित्रात आडव्या पट्ट्या नाचू लागतात. डिजिटल कॅमेरे त्याच पट्ट्यात राहूनही वारंवारता सारखी बदलत राहतात, त्यामुळे गर्दीत टिकतात. खोक्यावरचे ‘५०० फुटांपर्यंत’ हे आकडे मोकळ्या मैदानातले असतात. ॲल्युमिनियमची भिंत, फ्रिज, पिकअपची केबिन हे सगळे मध्ये आले की त्यांतले फार थोडे उरते. २४ फुटांच्या ट्रेलरला चांगला कॅमेरा सहसा पोहोचतो. पण दोन-चार ठिकाणी मॉनिटर हलवून बघितल्याशिवाय भिंतीला भोक पाडू नका. कॅमेरा तात्पुरता चिकटपट्टीने लावून, बॅटरीवर चालवून, ट्रेलर जोडलेल्या स्थितीतच ही परीक्षा घ्यावी.

वायरलेस घेताना एक गोष्ट आवर्जून मोजा, ती म्हणजे चित्र किती उशिरा येते. ताशी ३ मैल या चालण्याच्या वेगाने तुम्ही सेकंदाला सुमारे साडेचार फूट मागे जाता. चित्र सेकंदाचा पाचवा भाग मागे पडत असेल तर तुम्ही पडद्यावर बघता त्यापेक्षा ट्रेलर दहा-अकरा इंच आणखी मागे गेलेला असतो, आणि अर्धा सेकंद मागे पडत असेल तर सव्वादोन फूट. पिकनिक टेबल मोडायला सव्वादोन फूट भरपूर झाले. फोनच्या ॲपवर चित्र दाखवणारे कॅमेरे इथेच मार खातात: चित्र उशिरा येते, मध्येच गोठते, एखादा फोन आला की पडदा बदलतो. जोडताना आपण ताशी अर्ध्या मैलाने सरकत असतो, तिथे अर्ध्या सेकंदाचा उशीर चार-साडेचार इंचांचा असतो आणि सवयीने सांभाळता येतो. मागे घेताना मात्र तो परवडत नाही. उशीर मोजायची रीत सोपी आहे. एका फोनवर स्टॉपवॉच सुरू करून तो कॅमेऱ्यासमोर धरा, स्टॉपवॉच आणि मॉनिटर दोन्ही एकाच चौकटीत येतील असा दुसऱ्या फोनने फोटो काढा, आणि दोन्हीकडच्या आकड्यांची वजाबाकी करा. चार-पाच फोटोंत मोठ्यात मोठा फरक पाव सेकंदाच्या वर जात असेल तर तो माल परत करा.

वीज कुठून घ्यायची, यावर कॅमेऱ्याचे निम्मे यश ठरते. तुमच्या ट्रेलरला सात पिनांचा प्लग आहे. त्याच्या मधल्या पिनेवर रिव्हर्स लाइटची वीज येते, म्हणून अनेकांना वाटते की कॅमेरा तिथेच जोडावा. पण बऱ्याच ट्रॅव्हल ट्रेलरांत ती पिन पुढे कशालाच जोडलेली नसते, आणि जोडलेली असली तरी दुसरी अडचण येते: डिजिटल कॅमेऱ्याला वीज मिळाल्यापासून मॉनिटरशी संपर्क साधायला काही सेकंद लागतात, आणि ट्रेलर लावताना तुम्ही पुढे-मागे, पुढे-मागे करत असता, त्यामुळे प्रत्येक वेळी रिव्हर्स टाकला की पडदा काळा राहतो. शिवाय हायवेवर तो बंदच राहतो. म्हणून कॅमेरा ट्रेलरच्या मार्कर लाइटच्या (गाडीच्या हेडलाइटबरोबर लागणाऱ्या कडेच्या छोट्या दिव्यांच्या) तारेवर किंवा ट्रेलरच्या बॅटरीवरून स्विच लावून चालवावा, आणि तारेत लहान फ्यूज घालावा. चार पिनांचा चपटा प्लग असलेल्या छोट्या ट्रेलरना तर अर्थ (ग्राउंड), मार्कर आणि डावे-उजवे दिवे एवढ्याच तारा असतात. तिथे मार्करशिवाय पर्याय नाही.

तारांच्या रंगांवर जाऊ नका. प्रवासी ट्रेलरांच्या रंगपद्धतीत हिरवी तार मार्करची असते, तर दुसऱ्या एका प्रचलित पद्धतीत तपकिरी मार्करची आणि हिरवी उजव्या दिव्याची असते. आणि आधीच्या मालकाने टेपमध्ये गुंडाळून काय केले असेल ते तोच जाणे. दिवे लावा, टेस्टर लावा, मगच तार सोला. माझ्याकडे एकदा अशी तक्रार आली की उजवीकडे वळताना कॅमेऱ्याचे चित्र उघडझाप करते. गृहस्थ दोन महिने कॅमेरा सदोष समजत होते.

तुमच्या ट्रेलरच्या मागे, वरच्या बाजूला एक रिकामे काळे ब्रॅकेट आहे असे तुम्ही लिहिले आहे. नव्या ट्रेलरांत अशी ‘कॅमेऱ्यासाठी तयार’ जागा बऱ्याचदा दिलेली असते. फ्युरियन या कॅमेरा कंपनीची ती ठेवण तुम्ही पाहिली असेल. तिच्यात वीज सहसा मार्कर लाइटवरूनच आणलेली असते, म्हणजे कॅमेरा सुरू करायचा तर दिवसाही पिकअपचे दिवे लावावे लागतात. कॅमेरा ‘बंद पडला’ म्हणून येणाऱ्यांपैकी कित्येकांना मी फक्त हेडलाइटचे बटण फिरवून परत पाठवले आहे. ब्रॅकेटला जुळणारा कॅमेरा घेतला तर नवे भोक पाडावे लागत नाही, आणि ट्रेलरच्या भिंतीला नवे भोक न पडणे हा मोठाच फायदा आहे. कारण त्या भोकातून शिरलेले पाणी दोन हिवाळ्यांत आतले लाकूड कुजवते आणि त्या दुरुस्तीच्या पैशांत असे दहा कॅमेरे येतात. भोक पाडावेच लागले तर ब्रॅकेटखाली ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) घाला, वरून सीलंट लावा, आणि तार भोकात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी त्या झोळावरून गळून जाईल.

पाण्यावरून आठवले. खोक्यावर आयपी ६७ लिहिलेले असेल तर कॅमेरा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवा. आयपी ६९के असेल तर गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यालाही तोंड द्यायला हवा. मी आकड्यांवर विसंबत नाही. बसवण्यापूर्वी प्रत्येक कॅमेरा, तारेचे टोक बाहेर ठेवून, बादलीत अर्धा तास बुडवतो, मग तासभर उन्हात चालू ठेवतो. आत ओल शिरली असेल तर लेन्सच्या आतून धुके दिसते. शिडी चढण्याआधी हे कळलेले बरे. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि तुमच्याकडेही टाकतात. त्या खारट चिखलाचा थर लेन्सवर बसला की कोणतेही रिझोल्यूशन कामाचे नाही. लेन्सवर पुढे आलेला छोटा छज्जा असलेला कॅमेरा घ्या आणि हात पोहोचेल असा लांब दांड्याचा मऊ ब्रश गाडीत ठेवा.

मॉनिटर ७ इंचांचा घ्या. ५ इंचांचा पडदा दुकानात पुरेसा वाटतो, पण ऊन समोरून येत असताना त्यात काही सापडत नाही. काचेच्या मध्यभागी तो चिकटवू नका. काचेवर काय लावता येते याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, आणि नियम नसता तरी दृष्टीआड रस्ता करून मागचे बघण्यात अर्थ नाही. डॅशबोर्डवर खालच्या बाजूला, मान न वळवता नजर जाईल तिथे तो असावा. चित्राच्या स्पष्टतेचे मोठे आकडे मी दुय्यम मानतो. अंधारात दिसण्यासाठी इन्फ्रारेड दिवे असतात खरे, पण त्यांचा उजेड थोड्या अंतरापर्यंतच पोहोचतो आणि चित्र काळे-पांढरे होते. रात्री उशिरा पोहोचण्याची तुमची सवय असेल तर ट्रेलरच्या मागे स्वतंत्र पांढरा एलईडी दिवा लावणे अधिक उपयोगी ठरते.

मॉनिटरवर हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा येतात. या रेषा कारखान्यात कुठल्या तरी सरासरी गाडीसाठी ठरवलेल्या असतात. तुमच्या ट्रेलरच्या उंचीचा आणि कोनाचा त्यांना पत्ता नसतो. म्हणून कॅमेरा बसवला की एखाद्या रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये जा. ट्रेलरच्या मागच्या बंपरपासून टेपने मोजून ३, ६ आणि १० फुटांवर, ट्रेलरच्या दोन्ही बाजूंच्या रेषेत, एकेक शंकू ठेवा. चालकाच्या जागेवर बसून ते सहा शंकू पडद्यावर कुठे दिसतात ते बघा. मेनूमध्ये रेषा सरकवता येत असतील तर त्या शंकूंवर आणा. नसतील तर त्या बंद करून पडद्यावर बारीक चिकटपट्टीच्या खुणा करा. तीन फुटांची खूण ही तुमची थांबण्याची जागा. त्याच वेळी आणखी एक तपासणी उरका: वहिनींना ट्रेलरच्या मागे चालकाच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, उभे करा, त्या पडद्यावरही डावीकडेच दिसल्या पाहिजेत. उजवीकडे दिसत असतील तर मेनूमधली आरशासारखे उलटे चित्र दाखवण्याची सोय बंद राहिलेली आहे. हे बघायचे राहून गेले आणि मग भलत्याच बाजूला स्टिअरिंग फिरवले, असे नुकसान मी दोनदा दुरुस्त केले आहे.

नवा पिकअप घेण्याचा विचार तुम्ही शेवटी बोलून दाखवला आहे, म्हणून तेवढेच लिहितो. फोर्डने २०१६च्या एफ-१५० मॉडेलपासून ट्रेलर मागे घेण्यासाठी एक गोल बटण दिले: ट्रेलरच्या दांडीवर चौकटीचे स्टिकर लावायचे, टेलगेटवरचा कॅमेरा ते वाचून ट्रेलरचा कोन ओळखतो, आणि तुम्ही बटण ज्या बाजूला फिरवाल त्या बाजूला ट्रेलर जावा म्हणून स्टिअरिंग आपोआप फिरते. सोय चांगली आहे. पण ती ट्रेलर कुठे वळवायचा एवढेच सांभाळते. मागे झाड आहे की माणूस आहे, हे तिला कळत नाही. त्यासाठी ट्रेलरच्या पाठीवरचा कॅमेरा तेव्हाही लागेल. बटणाशिवाय तेच काम करायची जुनी रीत म्हणजे स्टिअरिंग खालच्या बाजूला, सहाच्या आकड्यावर धरणे; मग हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलरची शेपटी जाते. इथे चालक डावीकडे बसतो, म्हणून शक्य तिथे डावीकडची जागा निवडा, म्हणजे खिडकीतून मान काढून ट्रेलरची पूर्ण बाजू दिसते.

वाळव्यातल्या माझ्या आतेभावाने हेच सगळे वाचून मागे विचारले होते, की ऊस वाहणाऱ्या दोन ट्रॉल्यांमागे असा कॅमेरा लावला तर? त्याला मी नाही म्हटले. दोन ट्रॉल्यांना वळणाऱ्या सांध्यांची गुंतागुंत अशी होते की मागे काय आहे ते दिसूनही शेवटची ट्रॉली हवी तिकडे जात नाही, आणि तिथले जाणते चालक मागची ट्रॉली सोडवूनच मागे येतात. त्याच्या ट्रॅक्टरला मी टेलगेटऐवजी मडगार्डवरून हुकाकडे बघणारा छोटा वायरचा कॅमेरा सुचवला, पिन घालणाऱ्या पोरासाठी.

तुमच्या बाबतीत मी क्रम असा धरला असता. आधी गाडीच्याच कॅमेऱ्यावर चिकटपट्टीची खूण करून दोन-तीनदा जोडून बघा. रुंद आरसे नसतील तर ते घ्या. मग ब्रॅकेटला जुळणारा डिजिटल वायरलेस कॅमेरा आणि ७ इंची मॉनिटर घ्या, आणि ते परत करण्याची मुदत संपण्याआधी बादली, स्टॉपवॉच आणि शंकू या तिन्ही परीक्षा उरका. चुंबकाचा कॅमेरा सर्वांत शेवटी, तोही गरज उरलीच तर. हातवाऱ्यांच्या वादावर कॅमेरा पुरा पडणार नाही. तिथे फोन स्पीकरवर ठेवून बोला, आणि आधीच ठरवा की ‘डावीकडे’ म्हणजे ट्रेलरच्या शेपटीची डावी बाजू, स्टिअरिंगची नव्हे, आणि ‘थांबा’ ऐकले की कारण न विचारता ब्रेक दाबायचा. वहिनी आरशात दिसेनाशा झाल्या की गाडी जागीच थांबवायची, मग पडद्यावर कितीही मोकळे दिसो.